लग्न आणि पोर्ट्रेट फोटोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या व्यवसायात यायचं तर आधी कोर्स करावा की थेट काम धरावं?

दोन्ही वाटांनी चांगले फोटोग्राफर घडले आहेत. मुंबईत जे. जे. उपयोजित कला संस्थेत फोटोग्राफी शिकवली जाते. पुण्यात भारती विद्यापीठ आणि सिंबायोसिस यांची फोटोग्राफीची स्वतंत्र महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी प्रकाश, रंग, कलेचा इतिहास आणि छपाई रीतसर समजते, स्टुडिओतली उपकरणं हाताळायला मिळतात. पण बोहल्यावर दोनशे माणसांच्या गर्दीत जागा कशी धरायची, हे कुठल्याच वर्गात शिकवता येत नाही. म्हणून कोर्स केला असो वा नसो, एक पूर्ण लग्नसराई कुणातरी अनुभवी फोटोग्राफरकडे मदतनीस म्हणून काढावीच.

मदतनीसाला नेमकं काय शिकायला मिळतं?

पहिल्या काही लग्नांत बॅगा सांभाळणं, फ्लॅशचा स्टँड धरणं, बॅटऱ्या चार्जिंगला लावणं आणि भरलेली मेमरी कार्डं वेगळ्या पाकिटात ठेवणं एवढंच. त्याला हलकं समजू नका. स्टँड धरून उभं राहताना प्रकाश किती अंतरावरून, किती उंचीवरून मारला की चेहरा कसा दिसतो, हे डोळ्यांत बसतं. पुढे दुसरा कॅमेरा हातात येतो. तेव्हा पाहुणे, पंगत, सजावट, दागिने, रुखवत हे टिपायचं काम तुमच्याकडे असतं. मुख्य विधींची जबाबदारी त्यानंतर. काम सुरू करण्याआधीच विचारून घ्या की त्या लग्नातले फोटो स्वतःच्या नमुना-संग्रहात वापरता येतील का. बरेच जण परवानगी देतात, पण ती लेखी मेसेजवर असावी.

मराठी लग्नाचे विधी किती माहीत असावेत?

पुढचा विधी कोणता, तो कुठे होणार आणि त्यात कोण कुठे बसणार, हे गुरुजींनी सांगण्याआधी कळण्याइतके. महागडी लेन्स घेण्याआधी करायची ही तयारी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

काही विधी मिनिटभरही चालत नाहीत. कानपिळीत वधूचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, हशा होतो आणि संपलं. भाऊ उठून पुढे येताना दिसला की कॅमेरा डोळ्याला लागलेला हवा आणि चौकटीत भाऊ, नवरदेव आणि मागे हसणारी वधू तिघंही मावायला हवीत. रुंद दृश्य टिपणारी ३५ मिमी लेन्स इथे कामी येते. मंगळसूत्राच्या वेळी बायका चहूबाजूंनी वाकतात आणि समोरून फक्त पाठी दिसतात. एक फूट उंचीचं दणकट स्टूल जवळ असेल तर वरून हात, गळा आणि वाटी नीट मिळतात. लाजाहोमात धूर होतो. तो पाठीमागून येणाऱ्या प्रकाशात सुंदर दिसतो, समोरून फ्लॅश मारला तर पांढरा पडदा होतो. धुरात ऑटोफोकस पुढेमागे भटकतो, त्यामुळे एकच फोकस बिंदू निवडून तो शालूच्या जरीच्या काठावर टेकवावा. सप्तपदीत पावलं महत्त्वाची, तेव्हा गुडघ्यावर बसून घ्या.

जातीनुसार, घराण्यानुसार आणि भागानुसार क्रम बदलतो. देशावरच्या लग्नातला क्रम कोकणात किंवा गोव्यात तसाच असेल असं धरू नका. लग्नाच्या आदल्या दिवशी गुरुजींना फोन करून पाच मिनिटं बोलून घेतलं तर निम्मा ताण कमी होतो. आधी विचारलेल्या फोटोग्राफरला गुरुजीही सांभाळून घेतात. मंगळसूत्राच्या वेळी ते स्वतःच लोकांना बाजूला व्हायला सांगतात.

अंतरपाट दूर होतो तो क्षण हमखास कसा मिळवावा?

मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी जागा धरा. अंतरपाटाला काटकोनात उभं राहिलं तर मधोमध कापड, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक आणि दोन्ही बाजूंना वधूवरांचे चेहरे असं पूर्ण दृश्य मिळतं. दुसरा कॅमेरा नवरदेवाच्या खांद्यामागे ठेवावा, म्हणजे कापड खाली येताच वधूचा चेहरा समोर येतो. तिच्या मागे उभा असलेला मामा आणि कलश घेतलेली करवलीही त्यात येतात.

खूण ऐकायची असते. मंगलाष्टकं कितीही लांबोत, गुरुजींनी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ हा श्लोक घेतला की शेवट जवळ आला. त्या ओळीवर बोट शटरवर हवं. त्यानंतर वाजंत्री सुरू होते आणि सगळ्यात जास्त अक्षता तेव्हाच पडतात. काही जण संपूर्ण मंगलाष्टकांत सलग फोटो काढत बसतात आणि कॅमेऱ्याचा बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती जागा) नेमका इथे भरतो. शेवटच्या श्लोकाआधी अर्धा मिनिट हात थांबवा.

सेटिंग: शटर १/५०० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/४ (लेन्सची उघडीप; आकडा लहान तितकी जास्त), आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) लागेल तेवढा, म्हणजे साध्या मंगल कार्यालयात ३२०० ते ६४००. १/५०० ला हवेतल्या बहुतेक अक्षता दाण्यासारख्या दिसतात, १/१२५ ला त्यांच्या रेघा होतात. कार्यालय फारच अंधारं असेल तर १/२०० आणि फ्लॅश. तिथे हालचाल शटर नव्हे तर फ्लॅशची क्षणभराची चमक गोठवते. मात्र अक्षता फ्लॅशच्या जवळून गेल्या तर मोठे पांढरे ठिपके होतात, म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवता बाजूच्या स्टँडवर असावा.

सुरुवातीला कोणता कॅमेरा घ्यावा?

ज्यात दोन कार्डं बसतात आणि दोन्हींवर एकाच वेळी फोटो लिहिले जातात, असा. लग्नासाठी आम्ही ही अट बाकी सगळ्या वैशिष्ट्यांच्या वर ठेवतो. विधी पुन्हा करून घेता येत नाहीत, आणि कार्ड अधूनमधून दगा देतंच.

नव्यांपैकी कॅनन आर६ मार्क टू, सोनी ए७ फोर आणि निकॉन झेड६ थ्री हे तिन्ही या कामाला पुरून उरतात. कुठला घ्यावा हे तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात कुठल्या कंपनीच्या लेन्स भाड्याने मिळतात आणि तुम्ही ज्यांच्याबरोबर काम करता ते काय वापरतात, यावर ठरवा. लग्नाच्या दिवशी लेन्स बिघडली तर शेजारच्याची लेन्स आपल्या बॉडीला (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याला) लागली पाहिजे.

बजेट कमी असेल तर जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) मुळीच वाईट नाही. निकॉन डी७५० किंवा कॅनन ५डी मार्क फोर अजूनही उत्तम चित्र देतात. दोघांच्याही शटरचं आयुष्य कंपनीने १,५०,००० क्लिकचं धरलेलं आहे, म्हणून जुना घेताना शटर काउंट (आतापर्यंत झालेले क्लिक) बघा. १,२०,००० च्या पुढे गेलेला असेल तर शटर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला. मूळ बिल आणि बॉडीवरचा क्रमांक जुळतो का, हेही बघा.

एकच बॉडी पुरते का?

नाही. दुसरी विकत घ्यायची नसेल तर लग्नापुरती भाड्याने घ्या, पण एकट्या कॅमेऱ्यावर कुणाच्या लग्नाची जबाबदारी घेऊ नका.

लेन्स कोणत्या, आणि कुठल्या क्रमाने घ्याव्यात?

पहिली २४-७० मिमी एफ/२.८. एकाच लेन्सवर लग्न निभावायचं झालं तर हिच्यावर निभतं. दुसरी ८५ मिमी एफ/१.८, पोर्ट्रेटसाठी. एफ/१.४ च्या निम्म्याहून कमी किमतीत ती मिळते आणि वजनही हलकं. तिसरी ३५ मिमी, छोट्या खोल्यांसाठी: हळदीची खोली, नवरीचा साजशृंगार, देवघर. ७०-२०० मिमी एफ/२.८ चौथी. मोठ्या लॉनवरच्या लग्नात ती लागते, पण सुरुवातीला भाड्याने घेतलेली परवडते.

एक चूक फार दिसते, ती म्हणजे सगळे फोटो लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढणं. ८५ मिमी लेन्सने दीड मीटरवरून एफ/१.४ ला फोटो घेतला तर फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर पुढून मागे फक्त अडीच सेंटिमीटरच्या आसपासची खोली स्पष्ट येते. त्यात वधूच्या कपाळावरून दोन्ही बाजूंना मुंडावळ्या लोंबत असतात. कॅमेऱ्याचं डोळा ओळखणारं फोकस कधी कधी डोळा सोडून मोत्यांच्या सरावर बसतं आणि डोळे अस्पष्ट येतात. एफ/२.८ ला हीच खोली पाच सेंटिमीटरच्या जवळ जाते. डोळे, नथ आणि मुंडावळ्या तिन्ही त्यात राहतात, मागची गर्दीही पुरेशी धूसर होते.

फ्लॅश छताकडे वळवूनही चेहऱ्यावर हिरवट-गुलाबी झाक का येते?

मांडवाच्या रंगीत कापडावरून प्रकाश परततो आणि तोच रंग घेऊन येतो. छत पांढरं आणि दहा-बारा फुटांच्या आत असेल तरच फ्लॅश वर वळवा. पत्र्याच्या उंच शेडमध्ये किंवा उघड्या लॉनवर वर मारलेला प्रकाश वाया जातो. तिथे २०० वॉट-सेकंद ताकदीचा बॅटरीवरचा फ्लॅश स्टँडवर, प्रकाश मऊ करणारी छत्री लावून, स्टेजच्या कोपऱ्यात सात-आठ फूट उंचीवर ४५ अंशांत लावा. स्टँडच्या पायाशी पाच किलोची वाळूची पिशवी हवी. लग्नात मुलं धावतात, स्टँड पडतो तो नेहमी कुणाच्या तरी अंगावर.

पांढरा सदरा किंवा सोवळं समोर असेल तर फ्लॅशचं स्वयंचलित मापन फसतं आणि फोटो काळवंडतो. तिथे अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा. साध्या पेन्सिल सेलवरचा फ्लॅश पूर्ण ताकदीनंतर पुन्हा तयार व्हायला तीन ते पाच सेकंद घेतो, लिथियम बॅटरीचा दीड सेकंदाच्या आसपास. वरमाला पडताना हा फरक जाणवतो.

फोटोंवर आडवे काळे पट्टे येतात, कॅमेरा बिघडला का?

बहुधा नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटर मात्र ते पकडतं. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर वापरा आणि जिथे हालचाल कमी आहे तिथे १/१०० किंवा १/५० ठेवा. कॅमेऱ्यातली फ्लिकर (ही लुकलुक) कमी करण्याची सोय चालू करा. लग्नाच्या आधी हॉलमध्ये दिवे लावायला सांगून दहा चाचणी फोटो काढले की कुठला दिवा त्रास देतो ते कळतं.

स्टेजवरचे जांभळे-निळे दिवे हा वेगळा त्रास. त्यांत बाकी रंग जवळजवळ नसतातच, त्यामुळे नंतर कितीही रंगसुधार केला तरी त्वचा परत येत नाही. सजावटवाल्यांना विधीपुरते ते बंद ठेवायला सांगा. त्यासाठी यजमानांना आधीच विश्वासात घ्या, ऐनवेळी स्टेजवर वाद नको.

हळदीच्या फोटोत हळद फिकी आणि चेहरे निळसर का दिसतात?

ऑटो व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे कॅमेरा रंग आपोआप जुळवतो त्या सोयीमुळे. सगळीकडे पिवळं बघून कॅमेरा तो रंग ‘चूक’ समजतो आणि निळा मिसळून तो काढून टाकतो. दिवसाच्या उजेडात ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर (प्रकाशाच्या रंगाचं माप) व्हाइट बॅलन्स कायम करा, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) काढा. पिवळ्या मांडवाखाली हळद लावली तर चेहऱ्यावर दुप्पट पिवळा चढतो. शक्य असेल तर पाट मांडवाच्या कडेला, उघड्या आकाशाच्या बाजूला तोंड करून मांडायला सुचवा. हळद ओली असते आणि उडते, म्हणून लेन्सवर साधा संरक्षक फिल्टर आणि खिशात दोन मायक्रोफायबर कापडं ठेवा.

नवरीचा चेहरा उजळ करून द्या असं घरचे म्हणतात. काय करावं?

नम्रपणे नकार द्यावा. सावळी त्वचा गोरी करताना चेहऱ्यावरचे छोटे उतारचढाव पुसले जातात, मान आणि हातांचा रंग वेगळा राहतो, आणि दहा वर्षांनी अल्बम उघडल्यावर ती मुलगी स्वतःसारखी दिसत नाही. मागणीमागे बऱ्याचदा खरी तक्रार असते की फोटो काळवंडलेला आहे. ती चूक आपली असते: जरीचा शालू आणि सोनं चमकतं म्हणून कॅमेरा एकूण चित्र गडद करतो. चेहऱ्यावर एक्स्पोजर (फोटोला लागणारा प्रकाश) मोजा, जरीचा एखादा बिंदू जळला (पूर्ण पांढरा झाला) तर जळू द्या. प्रकाश मऊ आणि मोठा ठेवा, नथीची सावली ओठांवर पडत असेल तर दिवा थोडा खाली आणा. असा फोटो दाखवला की बहुतेक वेळा उजळपणाची मागणी पुन्हा होत नाही.

प्रेरणेसाठी कुणाचं काम बघावं?

आधी गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११). जाहिरात क्षेत्रातून पोर्ट्रेटकडे आलेल्या या मराठी फोटोग्राफरचे चेहरे बघताना प्रकाश कुठून येतो ते शोधा. गालावरची सावली किती हळू विरघळते आणि डोळ्यांत दिव्याचं प्रतिबिंब कुठे आहे, यावरून दिव्याचा आकार आणि जागा काढता येते. प्रकाश ओळखायचा सराव यातून फार चांगला होतो.

चित्रकारांकडेही जा. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं हातात समई घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तिने ज्योतीवर हात धरला आहे, प्रकाश बोटांतून झिरपून चेहऱ्यावर येतो. औक्षणाचा फोटो काढताना हेच दृश्य तुमच्यासमोर असतं आणि बहुतेक जण फ्लॅश मारून ते मोडतात. फ्लॅश बंद करा. एफ/१.८, १/१२५, आयएसओ ६४००, व्हाइट बॅलन्स ३००० केल्व्हिनच्या आसपास. निरांजनाचा सोनेरी उजेड तसाच राहतो. खोलीतली ट्यूबलाइट मात्र घालवायला हवी.

ग्रुप फोटोसाठी राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांची संस्थानिकांची छायाचित्रं बघा. काचेच्या प्लेटवर काम करताना माणसं किती शांत बसवलेली आहेत, कुणाचा हात कुठे टेकवलेला आहे, हे आजच्या स्टेजवर जसंच्या तसं उपयोगी पडतं. आणि वाट बघण्याची सवय शिकायची तर भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांचं काम बघा.

इतर लग्नांच्या फोटोंवरून पोझ उचलणं हा सोपा मार्ग आहे, पण त्याने सगळ्यांचे अल्बम एकसारखे होतात.

ग्रुप फोटोला तास लागतो, वेळ कसा वाचवावा?

दोन्ही घरांकडून आधी पंधरा ग्रुपची यादी घ्या आणि प्रत्येक बाजूचा एक माणूस नेमा ज्याला आत्या, मावशी, चुलतआजोबा तोंडाने ओळखता येतात. वयस्करांचे ग्रुप पहिले. तीन रांगा असतील तर एफ/५.६ ते एफ/८, आणि प्रत्येक ग्रुपचे किमान चार फोटो, कारण कुणीतरी डोळे मिटतंच.

फोटोंचा डेटा कसा सांभाळावा?

दोन फोटोग्राफर दिवसभर काम करून साधारण ४००० फाइली आणतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आकार लहान केलेली (कॉम्प्रेस्ड) रॉ फाइल ३० एमबीच्या आसपास, म्हणजे एका लग्नाचे १२० जीबी. तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या पत्त्यावर किंवा क्लाउडवर. कॉपी झाली असं संगणकाने सांगितलं तरी फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवून बघा. तीनही प्रती तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका, आणि फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करा. घरी जाताना कार्डांचं पाकीट अंगावर ठेवा, गाडीच्या डिकीतल्या बॅगेत नको.

दर कसा ठरवावा?

शेजारच्याचा दर ऐकून नव्हे, स्वतःचा खर्च मांडून. समजा दोन बॉडी, लेन्स आणि फ्लॅश मिळून ४ लाखांचं सामान आहे, ते ४ वर्षं चालेल आणि वर्षाला ४० दिवस काम मिळतं. मग सामानाचाच खर्च दिवसाला २,५०० रुपये झाला. त्यात मदतनीसाची मजुरी, प्रवास, अल्बमची छपाई मिळवा. एडिटिंग विसरू नका: ६०० फोटो, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे २० तास, तीन दिवसांचं काम. हे सगळं बेरजेत आल्यावरच नफा सुरू होतो.

आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते आणि चातुर्मासात मुहूर्त जवळजवळ नसतात. जुलै ते नोव्हेंबरचा खर्च आधीच्या महिन्यांतून बाजूला काढावा लागतो. हा काळ बाळांची, कुटुंबांची आणि कलाकारांची पोर्ट्रेट करण्यासाठी ठेवा.

करारात काय असावं? फोटोंचा हक्क कुणाचा?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार तो सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे लेखी काही नसताना ते फोटो आपल्या पानावर टाकण्याचा अधिकार तुम्ही धरून चालू शकत नाही. करारात हक्क, प्रसिद्धीची परवानगी, कार्यक्रमांची नावं आणि वेळा, एडिट केलेल्या फोटोंची संख्या, देण्याची मुदत, पैशांचे टप्पे आणि तारीख पुढे गेली तर काय, एवढं नक्की लिहा. एकाच मुहूर्ताला चार घरं फोन करतात, त्यामुळे आगाऊ रक्कम आल्याशिवाय तारीख धरलेली नाही हे स्पष्ट सांगावं.

वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या स्टुडिओला महाराष्ट्रात शॉप अ‍ॅक्टखाली (दुकाने आणि आस्थापना कायदा) ऑनलाइन सूचना दिली की पुरतं.

ड्रोन उडवायला परवाना लागतो का?

२५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं. ठिकाण कुठल्या झोनमध्ये (उड्डाणाला मोकळ्या की बंधनातल्या) आहे हे नकाशावर आधी बघा, मुंबई-पुण्यात विमानतळामुळे बराच भाग बंधनात येतो. आणि माणसांच्या डोक्यावरून उडवू नका, परवाना असला तरी.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करावं?

मुंबई, कोकण, गोवा इथे हा कायमचा प्रश्न. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणारं ड्राय कॅबिनेट घ्या. ते शक्य नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ते वाळवून परत वापरा. चामड्याच्या किंवा कापडाच्या बॅगेत लेन्स महिनोन् महिने ठेवणं सर्वांत वाईट. जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर सोडून द्या. बुरशी काचेवरचा थर खाते, साफ केल्यावरही डाग राहतो.

एसी खोलीतून बाहेर दमट हवेत आल्यावर काचेवर बाष्प धरतं. बंद बॅग अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवा.

अल्बम छापायला देताना काय तपासावं?

१२ बाय ३६ इंचांचं उघडं पान असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) फाइल १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलची हवी. मधल्या घडीवर कुणाचाही चेहरा येऊ देऊ नका. छपाई करणाऱ्या लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर फाइलची रंगपद्धत (कलर स्पेस) एसआरजीबी ठेवा, नाहीतर शालूचा लाल छपाईत मातकट उतरतो. संपूर्ण अल्बमआधी त्याच कागदावर दोन पानं छापून बघा: एक हळदीचं, एक रात्रीच्या स्वागत समारंभाचं. शेवटी नावं लग्नपत्रिका समोर ठेवून अक्षर अक्षर जुळवा आणि दोन्ही घरांकडून लेखी होकार आल्यावरच छपाईला सोडा.